६२५ : बोका चावल्यावर घेतलेल्या पंधरा (खरं तर सोळा) गोळ्यांचा रिव्ह्यू

आमच्या पार्किंगमध्ये बंड्या नावाचा बोका आहे, दूध तीन वेगवेगळ्या मजल्यांवर पितो आणि झोपायला मात्र आमच्याच स्कूटरची सीट लागते. जुलैत एका रविवारी संध्याकाळी मला भाजीला जायचं होतं म्हणून नेहमीसारखं त्याला उचलायला गेले, तर त्याचं नुकतंच दुसऱ्या बोक्याशी वाजलं असावं, एरवी गरीब असतो, पण त्या दिवशी त्याने माझ्या उजव्या हाताला अंगठ्याच्या बुडाशी कडकडून चावा घेतला. बघायला गेलं तर दोन टिंबं. थेंबभर रक्त. कुत्रा चावला असता तर अख्खी बिल्डिंग खाली आली असती, मांजर म्हटल्यावर लोक हसतात, मी पण हसले.

तर हा रिव्ह्यू त्यानंतर मी पाच दिवस घेतलेल्या अँटिबायोटिकचा आहे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलेनिक अ‍ॅसिड, मेडिकलमध्ये सगळे नुसतं "६२५ द्या" म्हणतात ती गोळी. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट पण नाही, अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे मला काय झालं आणि मला डॉक्टरांनी काय सांगितलं तेवढंच लिहितेय. माझा डोस बघून कोणी स्वतःला लावू नका, तो माझ्या हाताचा, माझ्या वजनाचा आणि माझ्या किडनीचा हिशोब होता.

आधी माझ्या चुका सांगते कारण त्यात मी अगदी हौसेने पडले. एक, जखम दोन मिनिटं धुतली आणि झालं म्हटलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायची असते हे दुसऱ्या दिवशी कळलं. दोन, सासूबाई हळद घेऊन आल्या आणि मी हात पुढे केला. चावल्याच्या जखमेत हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही, पण प्रेमाने आणलेल्या हळदीला नाही कोण म्हणणार. आणि तीन, जी सगळ्यात मोठी. आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये औषधांचा डबा आहे, पूर्वी त्यात श्रीखंड होतं, त्यात मिस्टरांच्या गुडघ्याला मागच्या वर्षी टाके पडले होते तेव्हाच्या सेफॅलेक्सिनच्या चार कॅप्सूल उरल्या होत्या. अँटिबायोटिक ते अँटिबायोटिक, जखम ती जखम, असा विचार करून रात्री एक घेतली, सकाळी एक घेतली आणि निवांत डबा भरायला लागले. पोळी लाटताना कळलं की लाटणं धरता येत नाहीये. हात पुरीसारखा फुगला होता, ठणका असा की मनगटापर्यंत नाडी उडतेय असं वाटत होतं, आणि त्या दोन टिंबांभोवती रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट लाल चट्टा. चावून बारा-तेरा तासच झाले होते, एवढ्यात एवढं होईल असं वाटलंच नव्हतं.

आमचे डॉक्टर वयस्कर आहेत, ओरडत नाहीत, चष्मा काढून ठेवतात, ते जास्त वाईट. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

त्यांनी जे समजावलं ते मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. कुत्र्याचा दात फाडतो, म्हणून जखम मोठी आणि उघडी असते, धुतली जाते. मांजराचा दात सुईसारखा बारीक, तो सरळ आत जातो, हाताला मांस कमी म्हणून कधी कधी पार सांध्यापर्यंत किंवा स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीपर्यंत, आणि बाहेर आला की वरचं भोक लगेच मिटतं. म्हणजे जंतू आत आणि दार बंद. मांजराच्या तोंडात पाश्चरेला नावाचा जंतू नेहमीचाच असतो, त्याला काही त्रास नसतो, आपल्याला असतो, आणि त्याची खासियत ही की तो चोवीस तासांच्या आतच सूज आणतो. माझं सेफॅलेक्सिन या पाश्चरेलावर नीट चालत नाही. ते कातडीच्या इतर इन्फेक्शनला चांगलं औषध आहे, मिस्टरांच्या टाक्यांना बरोबर होतं, माझ्या बोक्याला चुकीचं. मी दोन कॅप्सूल खाऊन फक्त रात्र फुकट घालवली, आणि वर औषध चालू आहे या समाधानात सकाळी पण गेले नसते. लाटण्याने वाचवलं म्हणायचं.

गोळी लिहून देण्याआधी त्यांनी दोन गोष्टी केल्या. अंगठा वाकवायला, सरळ करायला लावला आणि त्यांनी स्वतः हलकेच ताणून पाहिला. अंगठा ताठ झाला असता किंवा ताणल्यावर जीव गेला असता तर गोळीवर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल, कधी कधी उघडून साफ करावं लागतं. माझा दुखत होता पण हलत होता. दुसरं म्हणजे रेबीज. हे मी साफ विसरले होते, मांजरापासून पण होतो. रक्त आलं होतं म्हणजे नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरम (तयार अँटिबॉडी) पण द्यावं लागतं, त्यामुळे गोळीची चिठ्ठी हातात ठेवून त्यांनी मला आधी महापालिकेच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे आधी जखम परत धुतली, मग लस दोन्ही दंडात, कातडीत देतात, ० ३ ७ २८ अशा दिवसांना, ती काहीच नाही, पण त्या सुजलेल्या हातात जखमेच्या भोवती सीरमची सुई म्हणजे... जाऊ दे. धनुर्वाताचं पण दिलं. पैसे शून्य. सिस्टर फार चांगल्या होत्या, सुई टोचताना मला बोक्याचं नाव विचारत होत्या. अँटिबायोटिकचा रेबीजशी काही संबंध नाही, रेबीज हा व्हायरस आहे, ही गोळी त्याला शिवत पण नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या मजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या अँटिबायोटिक चालू आहे ना मग इंजेक्शन कशाला.

आता मेडिकल. चिठ्ठीवर ६२५, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस, म्हणजे पंधरा गोळ्या. पहिल्या दुकानातला म्हणाला, "ताई ६२५ संपलीय, ३७५ घेऊन जा, दोन-दोन घ्या, एकच आहे." मी अकाउंट्सवाली, माझ्या डोक्यात लगेच बेरीज सुरू झाली, ३७५ दुणे ७५०, मग एकच कसं? तो म्हणाला थोडं जास्त चांगलंच ना. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. तर ६२५ म्हणजे ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्हुलेनिक. ३७५ म्हणजे २५० आणि परत १२५च. दोन ३७५ घेतल्या तर अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होतं पण क्लॅव्हुलेनिक दुप्पट, २५०, आणि या गोळीने जे जुलाब होतात त्यात मोठा वाटा या क्लॅव्हुलेनिकचाच. म्हणजे फायदा तेवढाच आणि संडासच्या फेऱ्या जास्त. एक ग्रॅमची गोळी येते तिच्यात पण ८७५ आणि १२५च असतं. हे मला इतकं आवडलं की मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं, कोणाला फार इंटरेस्ट नव्हता. त्या दुकानाला पाचपैकी एक स्टार, तो पण फोन करू दिला म्हणून.

दुसऱ्या दुकानात मिळाली, एक गोळी साधारण वीस रुपयांना पडली. जनऔषधी केंद्रात हेच कॉम्बिनेशन खूप कमी पैशात मिळतं, पण ते दुपारी बंद होतं आणि मला धीर नव्हता. पंधरा हव्या होत्या म्हणून त्याने दहाची एक स्ट्रिप दिली आणि दुसरी कात्रीने कापून पाच दिल्या, आणि कापताना एक्सपायरी आणि बॅच नंबरचा तुकडा त्याच्याकडे राहिला. हे सगळीकडे होतं, आपण बघत नाही. आता मी कापायच्या आधी स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढून घेते, त्याला वाटतं मी इन्स्पेक्टर आहे. बिल पण घेतलं. स्ट्रिपवर ती उभी लाल रेघ होती, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही अशी खूण, २०१६ मध्ये सरकारने त्या लाल रेघेची जाहिरात पण केली होती. गंमत म्हणजे चिठ्ठी मी स्वतःहून पुढे केली, त्याने मागितली नव्हती.

गोळीबद्दल. मोठी आहे. लांबट, पांढरी, घशाखाली जाताना जाणवते. फोडली की एक कुबट वास येतो, पावसाळ्यात बंद पडलेल्या कपाटासारखा, तो असतोच, गोळी खराब नसते. मला आख्खी गिळायला जड जात होती म्हणून विचारलं, तर मधल्या रेघेवर तोडून दोन्ही तुकडे लगेच एकापाठोपाठ गिळले तर चालतं, पण अर्धी आता अर्धी मग असं नाही. चव कडू, तुकडा जिभेवर रेंगाळू देऊ नका.

आणि आत काय आहे हे वाचायला लागले तर घरातच विषय निघाला. माझे वडील एचए कंपनीत होते, पिंपरीतल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी, १९५४ची, डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली, १९५५ पासून इथे पेनिसिलीन बनायला लागलं. आमचं लहानपण एचए कॉलनीत गेलं, आमच्यासाठी पेनिसिलीन म्हणजे बाबांच्या डब्यासारखी घरातली गोष्ट. बाबांना मी गोळीचं नाव सांगितलं तर ते एकदम ताठ बसले, म्हणाले हे आपल्या पेनिसिलीनचंच नातवंड आहे. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं. भानगड अशी झाली की जंतू शिकले, ते एक एन्झाइम सोडायला लागले जे पेनिसिलीनच्या रेणूतली मुख्य कडीच तोडतं. क्लॅव्हुलेनिक अ‍ॅसिड स्वतः जंतूंना फारसं मारत नाही, ते त्या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि अडकवून ठेवतं, मग अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. बाबांच्या भाषेत एकाने गेटवरच्या पहिलवानाला धरायचं आणि दुसऱ्याने आत जायचं. ब्रिटनमध्ये १९८१ला ही जोडी ऑगमेंटिन नावाने बाजारात आली आणि आता तिचं पेटंट केव्हाच संपलंय म्हणून ढीगभर कंपन्या बनवतात.

बाबांनी अजून एक गोष्ट सांगितली ती मला माहीत होती पण जोडली नव्हती. १९४४ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आजारी होत्या तेव्हा देवदास गांधींनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवलं होतं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार म्हटल्यावर गांधीजींनी नको म्हटलं, शेवटच्या घटका आहेत, त्रास कशाला, आणि २२ फेब्रुवारीला बा गेल्या. विमानाने कलकत्त्याहून. आणि नंतर दहा-अकरा वर्षांत तिथून तासाभराच्या अंतरावर पिंपरीत ते टाक्यांमध्ये बनायला लागलं. मी वीस रुपयांची गोळी हातात धरून जरा गप्पच बसले.

असो, मुद्द्याची गोष्ट, घ्यायची कशी. चिठ्ठीवर "जेवणाच्या सुरुवातीला" लिहिलं होतं आणि मी ते जेवणानंतर असं वाचलं कारण आपल्याकडे सगळ्याच गोळ्या जेवणानंतर असतात. पहिली गोळी दुपारी पोटभर जेवल्यावर तासाने घेतली, ठीक होतं. दुसरी रात्री अकराला नुसत्या पाण्याबरोबर, अर्ध्या तासात पोटात असं ढवळलं की वाटलं आता सगळं बाहेर येतंय. सकाळी चहा-बिस्किटावर घेतली, तेच, थोडं कमी. मग पुन्हा डॉक्टरांना फोन (त्यांनी माझा नंबर आता सेव्ह केला असणार), ते म्हणाले पहिला घास खा, मग गोळी, मग उरलेलं जेवण. त्याने मळमळ कमी होते आणि क्लॅव्हुलेनिक अंगी पण जास्त चांगलं लागतं. अक्षरशः फरक पडला. सकाळी सातला पोह्याचे दोन घास आणि गोळी, दुपारी तीनला उशिरा जेवण, आणि रात्री अकराला मी एकटी ओट्याजवळ उभी राहून वाटीभर वरणभात खातेय असा पाच दिवसांचा संसार झाला.

हे आठ-आठ तासांचं पण मला आधी थोतांड वाटायचं, दिवसात तीन झाल्या की झालं ना, नाश्ता-जेवण-पाच वाजता चहा. पण हे औषध शरीर फार भराभर लघवीवाटे बाहेर टाकतं, साधारण तासाभरात रक्तातलं अमॉक्सिसिलिन निम्मं होतं. पेनिसिलीनची तीच तऱ्हा, १९४१ला ऑक्सफर्डमध्ये ज्या पोलिसाला पहिल्यांदा दिलं त्याच्यासाठी साठा संपत आला तेव्हा त्याच्याच लघवीतून गाळून काढून परत त्याला टोचत होते, तरी पुरलं नाही आणि तो गेला. आणि या घराण्यातल्या औषधांचं काम असं की एकदम जोरात मारा करून उपयोग नाही, पातळी जास्तीत जास्त वेळ टिकली पाहिजे. म्हणून अंतर सारखं ठेवायचं. एखादी विसरली तर आठवल्यावर घ्यायची, पण पुढचीची वेळ जवळच आली असेल तर मागची सोडून द्यायची, दोन एकदम नाही. मी फोनला तीन अलार्म लावले, रात्रीच्या अलार्मला मुलाने बोक्याच्या म्याँवचा आवाज लावून ठेवला, कार्टं.

सोळावी गोळी कुठून आली? तर मंगळवारी ऑफिसला जाताना मी शहाणपणा करून दुपारची गोळी स्ट्रिपमधून काढून छोट्या डबीत घेतली, कुंकवाची जुनी डबी, धुतलेली, आतून थोडी ओली राहिली असणार. दुपारी उघडली तर गोळीवर पिवळट-तपकिरी डाग. क्लॅव्हुलेनिकला दमट अजिबात चालत नाही, म्हणून तर स्ट्रिप एवढी जाड फॉईलची असते. गोळी घ्यायच्या क्षणीच फोडायची, आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवायची नाही, बाथरूमच्या कपाटात नाही, गॅसच्या वरच्या फळीवर पण नाही. ती टाकून दिली आणि एक सुट्टी विकत घेतली. लहान मुलांचं याचंच सिरप येतं पावडर असलेल्या बाटलीत, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं, मग ते फ्रीजमध्ये आणि सात दिवसांनी उरलं तरी फेकायचं, माझ्या नणंदेने महिनाभर ठेवून परत दिलं होतं पोराला, आता तिला पण कळलंय.

साईड इफेक्ट. दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत पोट सैल, दिवसाला तीन-चार वेळा. हा या गोळीचा सगळ्यात मोठा मायनस आणि याच्यासाठीच मी एक स्टार कापतेय. मी पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी यावर काढलं. घरात असलेली जुलाब थांबवायची गोळी घेणार होते, डॉक्टर म्हणाले मला न विचारता नाही. पातळ पाण्यासारखं खूप वेळा झालं, रक्त किंवा शेंब पडली, ताप आला, पोटात कळा आल्या तर लगेच दाखवायचं, आणि हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी पण होऊ शकतं, कारण चांगले जंतू मेले की आतड्यात एक वाईट जंतू माजतो. ताकावरून घरात महाभारत झालं ते वेगळंच. सासूबाईंचं म्हणणं जखम असताना आंबट नाही, भात नाही, पू होतो. मी त्यांना डॉक्टरांशीच बोलायला दिलं फोनवर, ते काय बोलले माहीत नाही, पण संध्याकाळी त्यांनी स्वतः ताक केलं, वर म्हणाल्या "जिरं घातलंय, बाधणार नाही". दूध-दह्याचं या गोळीशी वाकडं नाही, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर मात्र दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या लांब ठेवायच्या असतात, सगळ्या अँटिबायोटिकना एकच नियम नाही. दीराने विचारलं पार्टीत थोडी दारू चालेल का, तर ते भयंकर उलट्या वगैरे होतात ते मेट्रोनिडॅझोलचं सांगतात, याचं तसं नाही, पण सुजलेला हात घेऊन पार्टीला जायचंय कोणाला.

बायकांनी हे वाचा, कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. कोर्स संपल्यावर दोन दिवसांनी मला खाली खाज आणि दह्यासारखं पांढरं जायला लागलं. मी घाबरले, नेटवर वाचून अजून घाबरले. ते बुरशीचं इन्फेक्शन, अँटिबायोटिकने तिथले चांगले जंतू पण मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. दाखवलं, बुरशीचं औषध मिळालं, तीन-चार दिवसांत गेलं. लाजून पंधरा दिवस काढू नका.

अ‍ॅलर्जीचं राहिलंच. बाबांचा पहिला प्रश्न तोच होता, आधी कधी पेनिसिलीन घेऊन अंगावर काही उठलं होतं का. कारण ही गोळी पण पेनिसिलीनच आहे, नावात नाही म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. अंगावर पित्तासारख्या गांधी, ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं, असं आधी कधी झालं असेल तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, आणि गोळी घेतल्यावर झालं तर वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी. दुसरीकडे लहानपणी आईने "हिला पेनिसिलीन चालत नाही" म्हणून सांगितलेल्या बऱ्याच लोकांना तपासल्यावर अ‍ॅलर्जी निघतच नाही, त्यामुळे शिक्का असेल तर नेमकं काय झालं होतं ते तरी विचारून ठेवा, नुसते जुलाब झाले होते ती अ‍ॅलर्जी नव्हे. आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगायच्या गोष्टी, किडनीचा त्रास, पूर्वी या गोळीने कावीळ झालीय का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर (वॉरफरिनवाल्यांनी खास), युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर, अ‍ॅलोप्युरिनॉल आणि ही गोळी मिळून अंगावर पुरळ यायची शक्यता वाढते. कावीळ क्वचित होते, वयस्कर पुरुषांना आणि लांबलेल्या कोर्सला जास्त, पण ती गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी पण येऊ शकते, म्हणून लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज असं काही झालं तर महिन्यापूर्वी ही गोळी घेतली होती हे आठवणीने सांगायचं.

गुण कधी आला? डॉक्टरांनी सोमवारी बॉलपेनने लाल भागाच्या कडेने रेघ मारून दिली होती. हा पूर्ण प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि भारी प्रकार. मंगळवारी सकाळी लाली रेघेच्या किंचित बाहेर, माझा जीव खालीवर, पण ठणका तेवढाच होता, ताप नव्हता, अंगठा हलत होता, ते म्हणाले पहिल्या दिवसात थोडं चालतं, उद्या दाखव, आणि हात लोंबता ठेवू नकोस, उशीवर उंच ठेव. बुधवारी लाली रेघेच्या आत आली. बुधवारी रात्री मी पहिल्यांदा न ठणकता झोपले. गुरुवारी पोळ्या लाटल्या, वाकड्या. दोन दिवसांत काहीच फरक नसता किंवा लाल रेषा दंडाकडे सरकायला लागली असती तर गोळी बदलायची नाहीतर सलाईनमधून द्यायची वेळ आली असती.

गुरुवारी अर्थातच वाटलं की बरं झालं, उरलेल्या ठेवून देऊ, श्रीखंडाच्या डब्यात. या बाबतीत मला वाटलेलं उत्तर मिळालं नाही. मी समजत होते की कोर्स जितका लांब तितका चांगला. तर तसं नाही म्हणे, गरजेपेक्षा जास्त दिवस घेणं पण वाईट, आतड्यातल्या जंतूंना उगाच तालीम मिळते, म्हणून हल्ली बऱ्याच इन्फेक्शनला पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स देतात. पण किती दिवस हे त्यांनी ठरवायचं, मी बरं वाटण्यावरून नाही. पाच लिहिले तर पाच, चार नाही आणि उरल्यात म्हणून सात पण नाही. मी पाच केले, शनिवारी सकाळची शेवटची.

तर स्टार. गोळीला पाचपैकी चार. योग्य जंतूला, योग्य वेळी, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर एक नंबर आहे, तीन दिवसांत लाटणं धरता येतं. एक कापला तो पोटासाठी. सर्दी-खोकल्याला, व्हायरल तापाला शून्य, तिथे तिचं कामच नाही, आणि आमच्या ऑफिसमध्ये एकजण नाक वाहायला लागलं की मेडिकलमधून हीच दोन दिवसांची घेऊन येतो, त्याच्या पोटाची तक्रार पण आम्ही वर्षभर ऐकतोय, आता संगती लागली.

सेफॅलेक्सिनच्या उरलेल्या दोन कॅप्सूल मी फोडून चहाच्या चोथ्यात कालवल्या, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या, आणि डबा रिकामा धुऊन सासूबाईंना दिला, त्यांनी त्यात साबुदाणा भरला. २८व्या दिवसाची लस घेऊन आले त्या संध्याकाळी बंड्या स्कूटरवरच होता, रेबीजसाठी चावणाऱ्या मांजरावर लक्ष ठेवायचे ते दहा दिवस काय, महिनाभर धडधाकट. मी त्याला उचललं नाही. हॉर्न वाजवला, त्याने एक डोळा उघडला, परत मिटला, आणि मी रिक्षाने भाजीला गेले.